उलट्याने चालायचं, सुलट्याने बोलायचं

गल्लीतल्या लोकांचं एकमत व्हावं असे विषय फार नव्हते. पाणी कधी सोडावं, कचऱ्याचा डबा कोणाच्या दारासमोर ठेवावा, जिन्यातला गेलेला दिवा कोणी बदलावा, यावर प्रत्येक घराला मत होतं आणि शेजारच्या घराच्या मताविषयीही मत होतं. एका बाबतीत मात्र सगळे एक होते. काचवाले शांतीकाका म्हणजे देवमाणूस, आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, महाभांडखोर. काकूंना हे ठाऊक होतं. त्यावर त्यांचं म्हणणंही होतं, पण ते त्या इतक्या खणखणीत आवाजात मांडत, की गल्लीचं मत आणखी पक्कं होई.

दुकान घराच्या खालीच होतं. भिंतीला टेकवलेल्या लाकडी घोड्यांवर काचा उभ्या, मधे रद्दीचे कागद. कापायचं टेबल जुन्या घोंगडीने मढवलेलं. काकांच्या वरच्या खिशात काच कापायचा हिरा, आणि दहाही बोटांवर बारीक पांढऱ्या रेषा. काचेच्या दुकानात आवाज चढवून चालत नाही, असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ओरडल्याने काच फुटत नाही, याची काकूंनी अनेक वर्षं स्वतः खात्री करून घेतली होती, पण त्यांना विचारतो कोण.

काकांची कीर्ती पसरली ती एका भांडणामुळे. एक सुतार आणि त्याच्या डोक्यावर राहणारा रात्रपाळीचा कंपाउंडर यांचं वर्षभर वाजत होतं. हा दिवसभर ठोकायचा, तो दिवसभर झोपायचा प्रयत्न करायचा. एका दुपारी कंपाउंडरने औषधाची बाटली खिडकीतून भिरकावली आणि ती सुताराच्या तावदानातून आत गेली. दोघं तावातावाने नवी काच घ्यायला एकाच वेळी दुकानात शिरले, आणि आता हातघाईवर येणार, एवढ्यात काका म्हणाले, "आधी हे जरा धरा, मग भांडा."

धरायचा होता तो कपाटाचा आरसा. तो तीन गल्ल्या पलीकडे पोचवायचा होता आणि काकांचा हमाल तापाने पडून होता. दोघांनी वेंधळ्यासारखं दोन्हीकडून धरलं. आता काच धरलेल्या माणसाला बोट नाचवता येत नाही, गचांडी धरता येत नाही आणि पाठ फिरवून तरातरा निघूनही जाता येत नाही. शिवाय काच न्यायचा एक नियम आहे. पुढचा उलटा चालतो, मागचा सुलटा. उलट्याला रस्ता दिसत नाही, म्हणून सुलट्याने बोलायचं. खड्डा, दगड, सायकल, पायरी, जे येईल ते. तीन गल्ल्या कंपाउंडर सुताराला "पायरी आहे हं, जपून" म्हणत राहिला. एवढ्या जपणुकीने सुताराशी त्याच्या लग्नातही कोणी बोललं नव्हतं. परत आले ते एकमेकांच्या कंबरदुखीची चौकशी करत. सुतार तेव्हापासून दिवसा रंधा मारतो आणि ठोकाठोक संध्याकाळी करतो.

तत्त्व आधी आणि कृती नंतर, असं पुस्तकांत असतं. इथे आधी हमालाला ताप आला, मग तत्त्व आलं. पण आलं ते मुक्कामालाच आलं. दोन भाऊ, दोन जावा, घरमालक आणि भाडेकरू, जे कोणी भांडत आले त्यांच्या हातात काका काच देत, जास्त आवाजाच्या माणसाला उलटं चालवत, आणि जाताना म्हणत, "हात उचलायचा नाही, आवाज उचलायचा नाही, फक्त काच उचलायची." लोक याला अहिंसा म्हणू लागले. हमालाचा ताप चार दिवसांत उतरला, पण तोवर त्याचं काम उरलं नव्हतं. गल्लीत शांतता नांदू लागली आणि काकांचा माल घरपोच जाऊ लागला.

"तुमची अहिंसा कोणाच्या खांद्यावर चालते ते मला कळतं," काकू म्हणत. काका मंद हसत. ते हसू बघायला लोक लांबून येत. काकूंना ते पुट्टीने लिंपून टाकावंसं वाटे.

कारण घरातली अहिंसा वेगळी होती. लग्नापासून काकांनी बायकोवर आवाज चढवला नव्हता. काही मनाविरुद्ध झालं की ते मिठाची गुळणी धरून बसत. रागावले आहेत असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण अशा दिवसांत ते जास्तच सज्जन होत. पहाटे उठून स्वतःचं अंथरूण घडी करत. चहा प्यायले की कपबशी स्वतः विसळून पालथी घालत, आणि ती ज्या हळुवारपणे पालथी घालत त्याने काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. एकदा त्यांना बोलतं करायचं म्हणून काकूंनी भाजीत मीठच घातलं नाही. काकांनी ती शांतपणे संपवली आणि ताट धुतलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी दुप्पट घातलं. तीही संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायले. त्या दोन दिवसांत मीठ कमीजास्त झाल्याबद्दल काकूच काकूंशी भांडल्या. आणि ते खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेल्याने गिऱ्हाइकांनी काकांकडे करुणेने पाहिलं.

या दोघांची एकुलती एक लेक दुकानातच वाढली होती. चालायला लागली ती काचेच्या घोड्याला धरून. काकांनी तिच्या हातात हिरा दिला तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती. रेघ एकदाच ओढायची, एका दमात. तीच रेघ पुन्हा गिरवली की काच भलतीकडे तडकते. लेक ते शिकली, आणि पुढे गोल कापायला लागली, तिरकं कापायला लागली, मग काच तापवून वाकवण्याचं शिक्षण घेऊन आली. आणि आता लांबच्या शहरातल्या एका कारखान्यात तिला काम मिळालं होतं. प्रयोगशाळांना लागणाऱ्या काचेच्या नळ्या आणि चंबू तोंडाने फुंकून घडवायचे. असलं काम करणारी माणसं मोजकी, आणि तिला बोलावणं आलं होतं.

तिने ही बातमी सांगितली तेव्हा काका एक तावदान पुसत होते. त्यांनी ते पूर्ण पुसलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्यानंतर त्यांनी घरात तोंड उघडलं नाही. अंथरुणाची घडी सुरू झाली, कपबशी पालथी पडू लागली. लेक पहिल्या दिवशी "मी जाणार" म्हणत होती. दोनेक दिवसांनी "बघू" म्हणायला लागली. आठवडा उलटला तेव्हा तिने काकूंना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, मी नाही म्हणून कळवते. आज संध्याकाळपर्यंत फोन करायचाय."

"बाबा नको म्हणाले का तुला?"

"नाही ना. तेच तर. नको म्हणाले असते तर भांडले असते. हे असं बघवत नाही मला."

पोरीच्या हाताला जे येतं ते फार थोड्यांना येतं, हे काकूंनाही कळत होतं. आणि ते सगळं एका पालथ्या कपबशीपायी वाया चाललं होतं. त्या तशाच खाली गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्या पोरीला हो तरी म्हणा, नाहीतर नाही तरी म्हणा. माणूस आहात की काचेचं सामान?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. काकांनी हातातल्या फडक्याची चौपदरी घडी केली आणि मंद हसले. एक गिऱ्हाईक दुसऱ्याला हळूच म्हणालं, "काय सहनशक्ती आहे बघा."

त्यात भर अशी, की आदल्याच दिवशी वाचनालयात काकांचं भाषण झालं होतं. विषय होता, संवादातून समेट. घरात आठवडाभर साठलेलं सगळं बोलणं तिथे बाहेर पडलं. माणसाने माणसाशी बोललं पाहिजे, असं काका तासभर बोलले. अबोल्यासारखी दुसरी भिंत नाही, असंही म्हणाले, आणि त्या वाक्याला टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेजारच्या शिक्षिकाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुम्ही नशीबवान. तुमच्या घरात कधी आवाज होत नसेल."

"त्यांचा तर मुळीच नाही," काकू म्हणाल्या.

त्या भाषणाचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी, म्हणजे लेकीच्या फोनच्या दिवशी, गल्लीत कोणी भांडलंच नाही. एकमेकांच्या डब्याला पाय लागला तरी लोक "असू द्या, असू द्या" म्हणत होते. आणि समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याची दर्शनी काच दुपारी पोचवायची होती. पुरुषभर उंचीची, जाड, कड अजून न घासलेली. काका दारात उभे राहून भांडणाची वाट बघू लागले. सुतार आणि कंपाउंडर समोरून हातात हात घालून चहाला गेले. काकांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. शेवटी त्यांनी जिन्यापाशी येऊन कठड्यावर टकटक केलं आणि काकूंना बोटाने खाली बोलावलं.

काकू हात पुसत आल्या. एरवी त्यांनी आधी चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी मुकाट्याने कडेला कापडाच्या पट्ट्या लावल्या आणि पुढचं टोक धरलं. पुढचा उलटा. जास्त आवाजाची म्हणून ती जागा त्यांचीच होती. मागे काका, आणि त्यांच्यामागे पुट्टीचा डबा आणि खिळ्यांची पिशवी घेऊन लेक.

रस्ता ओलांडेपर्यंत काका बोलले नाहीत. खड्डा आला की ते काच किंचित मागे ओढत, वाट मोकळी असली की पुढे लोटत. काकू त्या ओढीवरून चालल्या. इतक्या वर्षांत त्यांना दुसरं काही करायला मिळालंच कुठे होतं. इमारतीच्या दारातून आत गेल्या, अरुंद बोळ ओलांडला, आणि त्यांची टाच पहिल्या पायरीला लागली. त्या थांबल्या.

काकांनी काच जराशी लोटली.

काकू हलल्या नाहीत. "मी उलटी आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. काय आलंय ते सांगा."

काकांनी पुन्हा लोटली. मग मानेने खूण केली. मग भुवया उचलल्या.

"भुवयांचं मला कळत नाही. नियम तुमचाच आहे. सुलट्याने बोलायचं."

काकांनी काच खाली टेकवायला जागा शोधली. एका भिंतीला नळ होते, दुसरीला सायकल. फरशी नुकतीच धुतलेली. आणि काच टेकवायची तर दोघांनी एकदमच वाकावं लागतं, आणि काकू वाकायला तयार नव्हत्या. त्या ताठ उभ्या होत्या, हात भरून आले होते, आणि ओरडत मात्र नव्हत्या. वरून कठड्यावर वाकलेला चष्मेवाला कान देऊन ऐकत होता, पण त्याला काही ऐकू येईना. काकूंचं बोलणं ऐकू न येणं हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच अनुभव होता. चहा पिऊन परतलेले सुतार आणि कंपाउंडर मागे बोळात येऊन अडकले. सुताराला कडी बसवायला वर जायचं होतं.

"काका, पायरी आहे म्हणा ना," कंपाउंडरने कुजबुजत सुचवलं. "एवढंच म्हणायचं असतं."

काकांच्या कपाळावर घाम आला होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"पायरी," ते म्हणाले. आवाज गंजल्यासारखा आला.

"कळलं," काकू म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "आता लेकीचं."

"हे काय इथे?"

"इथेच. घरात तुम्ही घड्या घालता."

"मी तिला काहीही म्हटलेलं नाही," काका म्हणाले. "आपलं मत दुसऱ्यावर लादायचं नाही, हे माझं तत्त्व आहे."

"लादू नका. सांगा नुसतं. आठवडाभर त्या पोरीच्या छातीवर धोंडा ठेवलाय तुम्ही, आणि वर म्हणता मी बोटही लावलं नाही. ती आज नाही म्हणून फोन करणार आहे. माहीत आहे तुम्हाला?"

काकांना माहीत नव्हतं. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मागे बघायचं तर काच हलत होती.

"तुम्हीच शिकवलंत तिला," काकू म्हणाल्या, "रेघ एकदाच ओढायची. पण एकदा तरी ओढावी लागते ना? तुम्ही हिरा खिशात घालून बसलाय, आणि काच आपोआप तुटावी म्हणून वाट बघताय. तुटली की म्हणाल, मी कुठे हात लावला. माझं आयुष्य गेलं असं तुटण्यात. मला सवय झाली. तिचं नाही जाऊ देणार मी."

मग शांतीकाका ओरडले. सवय नसल्यामुळे ते भलत्याच मोठ्याने ओरडले, जिना घुमला, आणि वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली.

"मला ती जायला नको आहे! नको आहे मला! हा हिरा मी कोणाच्या हातात द्यायचा? दुकानात दिवसभर गप्पा कोणाशी मारायच्या? तिने जावं, चांगलं काम आहे ते, मला सात जन्मांत नाही जमायचं, जावंच तिने. पण मला नको आहे. मला दोन्ही वाटतं. दोन्ही एकदम कसं बोलायचं माणसाने?"

"असंच," काकू म्हणाल्या.

लेकीने पुट्टीचा डबा खाली ठेवला होता. "बाबा, मग मी काय करू?"

काका समोर बघत होते, म्हणजे काकूंकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तेही पुसायला हात मोकळा नव्हता. "तू जा," ते म्हणाले. "मी भांडत राहीन. तू जा."

मागून सुतार म्हणाला, "काका, आधी ती काच वर पोचवा, मग भांडा."

काच वर गेली. एकेका पायरीला काका "पायरी" म्हणत गेले, आणि मधल्या वळणावर "पायरी, आणि मला तेव्हाची ती भाजी खारट लागली होती" असंही म्हणाले. चष्मेवाल्याच्या दुकानात काकांनी पुट्टी भरली आणि कड लेकीने बसवली. संध्याकाळी तिने फोन केला आणि येते म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस घरात कल्ला होता. काका भांडायला लागले, पण नवशिक्यासारखे. कुठे चढवावं आणि कुठे सोडून द्यावं हे त्यांना कळेना. पेटीत जाड कपडे किती घ्यावेत यावरून ते लेकीशी इतके भांडले की काकूंना मधे पडून दोघांना गप्प करावं लागलं. गल्लीने हे सगळं ऐकलं आणि निकाल दिला. एवढा देवमाणूस, पण शेवटी बायकोने बिघडवलाच. वाचनालयाने पुढचं भाषण रद्द केलं. गल्लीत पुन्हा भांडणं सुरू झाली, त्यामुळे माल मात्र वेळेवर पोचू लागला.

निघायच्या दिवशी पेटी जड झाली होती, कारण जाड कपड्यांच्या बाबतीत काका जिंकले होते. बसच्या अड्ड्यावर लेकीने पेटीचा एक कान धरला, काकांनी दुसरा. गर्दीतून वाट काढताना ती पुढे झाली आणि काकांकडे तोंड करून उलटी चालू लागली. सवयीनेच. काका मागून सांगत होते. खड्डा. दगड. जरा डावीकडे घे. काकू पाण्याची बाटली घेऊन बाजूने चालत होत्या.

बसच्या दारापाशी काका गप्प झाले. लेक थांबली. तिच्या टाचेमागे बसची पायरी होती आणि तिला ती दिसत नव्हती. कंडक्टर वैतागून बघू लागला. काकांनी पेटीचा कान घट्ट धरून ठेवला होता, ओठ मिटलेले, आणि काकूंना वाटलं, झालं, पुन्हा तेच. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. हा शब्द त्यांनी म्हणून चालणार नव्हता.

काकांनी मान खाली घातली, पुन्हा वर केली, आणि लेकीकडे बघून म्हणाले, "पायरी."

लेक चढली.